पहिला गेमिंग कॉम्प्युटर: यादीत नसलेल्या तीन वस्तू आधी बघ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नागपुरात महाल या जुन्या वस्तीत राहतो, पहिल्यांदाच गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडणार आहे. यादीत रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबी डीडीआर४ रॅमची एक स्टिक, आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड आणि ५०० जीबीची एम.२ एसएसडी. कॅबिनेट, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि मॉनिटर हे बाबांच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचे वापरायचे आहेत. मॉनिटर १३६६ बाय ७६८चा, व्हीजीए केबलवाला. दुकानदार म्हणतो, आजकाल सगळं सगळ्याला चालतं. हे खरं आहे का? आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी जोडायला घेऊ का?

भाऊ, सरळ उत्तर आधी देतो. ही यादी आहे तशी जुळत नाही. रायझन ५ ७६०० एएम५ सॉकेटचा आहे आणि बी५५० बोर्ड एएम४चा. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएम४ प्रोसेसरच्या खालच्या बाजूला पिना असतात. एएम५मध्ये त्या बोर्डावर गेल्या आणि प्रोसेसरची खालची बाजू सपाट झाली. दोन्ही हातात घेतलेस तर लगेच कळेल, पण मोबाइलवर ऑर्डर करताना दोन्ही खोक्यांवर ‘रायझन’च दिसतं. रॅमचंही तसंच. एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो.

तुझा दुकानदार म्हणाला त्यात अर्धं खरं आहे. एएमडीच्या प्रोसेसरसोबत एनव्हिडियाचं कार्ड खुशाल चालतं. नवं ग्राफिक कार्ड जुन्या बोर्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसतं आणि सहसा सुरूही होतं. पंखे, स्क्रू, डिस्कची साटा केबल, बोर्डाची भोकं, हे सगळं ठरलेल्या मापाचं आहे. पण प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिघं एकमेकांना बांधलेले असतात. त्यातला एक बदलला की उरलेल्या दोघांचा विचार पुन्हा करावा लागतो.

तरीही मला तुझ्या सॉकेटची काळजी वाटत नाही. प्रोसेसर बसत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि वस्तू परत करता येते. खरं नुकसान करतात ते बसणारे, सुरू होणारे आणि मग निभवू न शकणारे भाग. गेली १७ वर्षं मी नागपुरात जोडणी-दुरुस्तीच्या बाकावर बसतो. ‘नवा पीसी गेम सुरू केला की बंद पडतो’ म्हणून आलेल्या मशीन मी उघडतो, तेव्हा प्रोसेसर आणि बोर्डाची जोडी जवळपास नेहमीच बरोबर निघते. गडबड असते ती घरातल्या जुन्या सामानात, ‘हे तर आहेच’ म्हणून यादीतच न लिहिलेल्या वस्तूंत. तुझ्याही बाबतीत खरा निर्णय त्या तीन वस्तूंचा आहे: मॉनिटर, एसएमपीएस आणि कॅबिनेट. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

मॉनिटर

आरटीएक्स ५०६०ला व्हीजीएचा जोड नाही. आताच्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढंच असतं. मधे कन्व्हर्टर लावून चित्र येईल, पण काय चित्र येईल ते बघ. १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके. १९२० बाय १०८० म्हणजे २०.७ लाख, म्हणजे दुप्पट. २५६० बाय १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख. ग्राफिक कार्डाचं मुख्य काम एवढे ठिपके दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, रंगवणं. साडेदहा लाख ठिपक्यांसाठी तू एवढं महाग कार्ड घेणार, ते सेकंदाला दीडशे फ्रेम तयार करणार आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर त्यातल्या ६० दाखवणार. उरलेलं काम, वीज आणि उष्णता वाया.

म्हणून मी समोर बसलेल्याला पहिला प्रश्न नेहमी पडद्याचा विचारतो. पडदा ठरला की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की त्याला साजेसा प्रोसेसर ठरतो, आणि मग बोर्ड, रॅम, एसएमपीएस. उलट दिशेने गेलं की पैसे प्रोसेसरवर संपतात. १०८०पी (१९२० बाय १०८०) आणि १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर ५०६०ला योग्य जोडीदार आहे. हे कार्ड ८ जीबी मेमरीचं आहे, हे लक्षात ठेव. १४४०पीवर नवे मोठे गेम सगळ्या सेटिंग चढवून खेळायचे असतील तर ८ जीबी कमी पडू लागते, आणि तिथे मी १६ जीबीचं कार्ड सुचवतो. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीमध्येही मिळतं, ८ जीबीमध्येही, म्हणून खोक्यावरचा आकडा नीट वाच. तू कुठले गेम खेळतोस ते लिहिलेलं नाहीस. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक असेल तर याहून लहान कार्डही पुरेल आणि वाचलेले पैसे जास्त हर्ट्झच्या मॉनिटरला लावता येतील.

दोन बारीक गोष्टी. केबल कार्डाच्या जोडात लाव, वर बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये नको. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ स्वतः निवड. बऱ्याच वेळा तो ६०वरच राहतो आणि लोक महिनोन्‌महिने तसेच खेळतात.

एसएमपीएस

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण एसएमपीएस गेला की तो एकटा जात नाही.

बाबांच्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असेल. ठळक ४५० सोडून दे आणि ‘+१२ व्ही’च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ. आताचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीवरून घेतात. जुन्या ऑफिस कॉम्प्युटरमधून काढलेल्या अशा डब्यांवर मी १६ ते १८ अँपिअर बऱ्याचदा पाहिलेत. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींवरचे असतात, ते तुझ्या काहीच कामाचे नाहीत.

आता तुझी गरज मोजू. ७६०० कागदावर ६५ वॅटचा असला तरी पूर्ण भाराला ८८ वॅटपर्यंत घेतो. ५०६०चे १४५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीवरचं सामान मिळून ५०-६० धर. बेरीज २९०च्या आसपास. शिवाय ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी याहून बरंच वर उसळतं. म्हणजे २१६ वॅट देणाऱ्या डब्याकडून तू तीनशे मागतोस, तेही अशा डब्याकडून जो दुकानात कित्येक उन्हाळे तापलेला आहे. आतल्या कपॅसिटरचा नियम सोपा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. त्याला ग्राफिक कार्डाचा आठ पिनांचा जोडही बहुधा नसेल. मग लोक मोलेक्सचे (जुन्या चार पिनांचे) दोन जोड एकत्र करणारी पट्टी आणतात. ती लावू नकोस. आठ पिनांचा जोड १५० वॅटसाठी आहे आणि त्या बारीक तारांवर तेवढा प्रवाह गेला की प्लास्टिक मऊ पडतं. असे तपकिरी पडलेले जोड माझ्याकडे डबाभर जमलेत.

एनव्हिडिया ५०६०साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, मीही तेच म्हणेन. ५५० पुरे, पण चांगला ५५०. ८५० वॅटच्या अनोळखी डब्यापेक्षा तो हजारपट बरा. खोक्यावरचं ‘८० प्लस ब्राँझ’ हे किती वीज वाया जात नाही याचं प्रमाणपत्र आहे. आतले भाग किती टिकाऊ आहेत, शॉर्ट झाल्यावर तो स्वतः बंद होतो का, हे त्यातून कळत नाही. मी तीन गोष्टी बघतो. वॉरंटी किती वर्षांची, पाच किंवा जास्त असेल तर कंपनीचा स्वतःवर भरवसा आहे. संरक्षणांची यादी दिलेली आहे का. आणि तिसरी, जी आपल्या गावात सर्वांत महत्त्वाची: पूर्ण वॅट किती तापमानाला मिळतील. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंश असं स्पष्ट लिहितात. २५ अंशांवर मोजलेले ५५० वॅट नागपुरात मे महिन्यात, गरम कॅबिनेटच्या आत, ५५० राहत नाहीत.

आणखी एक धोका सांगतो, कारण तो माझ्या हातून घडलाय. सुरुवातीच्या वर्षांत एका ग्राहकाचा मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस बदलताना मी जुन्या केबल तशाच ठेवल्या आणि नव्या डब्यात खोचल्या. बसल्या अगदी चपखल. सुरू केल्याबरोबर त्याची हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही गेल्या. डिस्कच्या बाजूचा जोड सगळीकडे सारखा असतो. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम मात्र प्रत्येक कंपनी आपापला ठेवते. डिस्क मी भरून दिल्या, पण त्यातले त्याच्या लग्नाचे फोटो परत आले नाहीत. तेव्हापासून एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबल बदलायच्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. तुलाही सांगतो.

वीज आणि अर्थिंग

घर महालात आहे म्हणालास. जुना वाडा असेल तर जोडणीच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. लोकांना वाटतं बोर्ड खराब आहे. खरं म्हणजे एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडी वीज अर्थिंगकडे सोडत असतो आणि तिला वाट न मिळाल्याने ती पत्र्यावर राहते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात अडॅप्टर लावून खोचलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. तेवढं करू नकोस.

कमी-जास्त व्होल्टेजची फार चिंता नको. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. त्रास होतो तो अचानक जाण्या-येण्याचा, मृगाच्या आधीच्या वादळात तर विशेष. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असशील तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघ; स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आताचे एसएमपीएस कधी गुरगुरतात, कधी सरळ बंद पडतात. त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेव. वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमधला इन्व्हर्टर त्याहून उशिरा येतो. वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा डबा गेम चालू असताना या मशीनला पुरणार नाही. एक केव्हीए घे.

कॅबिनेट आणि आपला उन्हाळा

जुन्या कॅबिनेटमध्ये तुझा बोर्ड बसेल, भोकं जुळतील. कार्ड मात्र टेपने मोजून बघ. दोन पंख्यांची ५०६० कार्डं साधारण २०-२५ सेंटिमीटर लांब असतात आणि जुन्या डब्यात नेमकी तिथेच हार्ड डिस्कची जाळी आडवी येते. टॉवर कूलर लावायचा तर त्याची उंची १५०-१६० मिलिमीटर असते, त्यामुळे बाजूची झाकण-पट्टी बंद होत नाही. पण माप जुळलं तरी मी हे कॅबिनेट वापरू नको म्हणेन, कारण त्याला समोरून हवा येण्याची वाटच नसते. मागे ८० मिलिमीटरचा एक पंखा, समोर सपाट प्लास्टिक. ते टॅली चालवण्यासाठी बनवलेलं आहे.

कुठलाही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, भागाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक राखतो. प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंश वर राहत असेल तर जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तो ६५ला असेल आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांत, ४० अंशांच्या खोलीत ८०ला. यूट्यूबवर एसीच्या खोलीत केलेली तुलना बघून आपण कूलर निवडतो, तिथे १५ अंशांचा घोळ होतो. ७६००ची मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे तो जळणार नाही, पण बंद कॅबिनेटमध्ये आतली हवाच ५०च्या वर गेली की तो वेग कमी करतो, ग्राफिक कार्डही करतं आणि गेम अडखळतो. मुलं मग म्हणतात, हिवाळ्यात बरा चालायचा.

म्हणून समोर पूर्ण जाळी असलेलं कॅबिनेट घे. समोर काच असलेलं देखणं दिसतं, पण इथे नको. समोरून आत घेणारे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक, आणि समोर काढून धुता येईल अशी बारीक जाळी. खोक्यासोबतचा प्रोसेसर कूलर चालेल, पण १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर लावलास तर उन्हाळ्यात आवाज आणि ताप दोन्ही कमी होतील. एएम५साठी कूलर घेताना तो त्या सॉकेटला चालतो असं लिहिलेलं बघ. भोकं एएम४सारखीच आहेत, पण एएम५ बोर्डाची मागची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची पट्टी लावणारे काही जुने कूलर बसत नाहीत.

कॅबिनेट आपल्या घरच्या डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नकोस. हे मी फार कळकळीने सांगतो, कारण हेतू चांगला असतो आणि नुकसान होतं. वाळा किंवा पॅड जास्त भिजला की हवेबरोबर बारीक थेंब येतात. धूळ ओली होऊन हीटसिंकच्या पट्ट्यांत बसते आणि वाळली की लिंपणासारखी घट्ट होते, ब्लोअरने निघत नाही. पाणी जड असेल तर पांढरा थरही बसतो. कूलरची हवा खोलीत फिरू दे, कॅबिनेट बाजूला ठेव, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोड.

एक फुकटचा उपाय: गेममध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झएवढी बांध. १४४ दिसणार असतील तर २२० तयार करून खोली तापवायची गरज नाही.

आता प्रोसेसर, बोर्ड, रॅम

इथवरचं जमेला धरू. मॉनिटर, एसएमपीएस, कॅबिनेट तिन्ही नवे लागणार, म्हणजे तुझा हिशोब बराच वाढला. तू बजेट सांगितलेलं नाहीस, म्हणून दोन वाटा सांगतो.

पहिली वाट, ७६०० कायम ठेवून बोर्ड एएम५चा बी६५० आणि रॅम डीडीआर५ करायची. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आला आणि किमान २०२७पर्यंत या सॉकेटला आधार देऊ असं एएमडीने सांगितलंय. आधीच्या एएम४चा अनुभव चांगला आहे: २०१७च्या कितीतरी बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पुढे रायझन ५०००चे प्रोसेसर चालले. म्हणजे तीन-चार वर्षांनी तू बोर्ड आणि रॅम न बदलता नुसता प्रोसेसर बदलू शकशील. आणखी एक सोय म्हणजे ७६००मध्ये छोटं ग्राफिक आतच आहे. उद्या कार्ड वॉरंटीत गेलं तरी कॉम्प्युटर सुरू राहतो, कॉलेजचं काम अडत नाही.

दुसरी वाट, तुझा बी५५० आणि डीडीआर४ कायम ठेवून प्रोसेसर रायझन ५ ५६०० करायचा. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट. १०८०पीवर ५०६०ला तो चांगला सांभाळतो. इथे एक सापळा आहे. ५५०० किंवा ५६००जी थोडे स्वस्त दिसले म्हणून घेऊ नकोस. ते ग्राफिक कार्डाला पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता) ३.० देतात, ५६०० मात्र ४.० देतो. ५०६० आठच लेन वापरतं, त्यामुळे ३.०वर त्याला रस्ता अर्धा होतो आणि ८ जीबी मेमरी भरली की तो फरक जाणवतो. जुना बी४५० किंवा ए५२० बोर्ड घेतलास तरी हेच होईल. तोटा एकच: एएम४ची वाट पुढे संपते, आणि ५६००मध्ये ग्राफिक नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडदा काळा.

मी तुझ्या जागी असतो आणि पैसे मोजके असते तर दुसरी वाट धरून वाचलेले पैसे मॉनिटर आणि एसएमपीएसला लावले असते. ते दोन्ही पुढच्या कॉम्प्युटरलाही चालतात. हात थोडा मोकळा असेल तर पहिली. हे बरंचसं रॅमच्या भावावर आहे, आणि रॅमचा भाव सोन्यासारखा हलतो, म्हणून घ्यायच्या दिवशी दोन्ही वाटांची बेरीज करून बघ.

वाट कोणतीही असो, १६ जीबीची एक स्टिक घेऊ नकोस, ८-८च्या दोन घे, एकाच पाकिटातल्या. एका स्टिकने प्रोसेसरला अर्ध्या रुंदीचा रस्ता मिळतो आणि गेममध्ये ते लगेच दिसतं. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसव. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ६०००ची डीडीआर५ रॅम ४८००वर चालत राहील. एएम५वर डीडीआर५च्या ६००० वेगापुढे जास्त पैसे देऊ नकोस. पहिल्यांदा सुरू करताना डीडीआर५ बोर्ड काही मिनिटं काळा पडदा दाखवतो. तो रॅमची घडी बसवत असतो. घाबरून स्विच बंद करू नकोस, हे मी फोनवर आठवड्यातून दोनदा तरी सांगतो.

बोर्ड घेताना कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या पानावर जा आणि प्रोसेसरची यादी उघड. समोर कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं. दुकानात पडून असलेल्या जुन्या बी६५०वर रायझन ९००० लावायचा झाला तर अपडेटशिवाय सुरूच होणार नाही. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हने अपडेट करता येतं. पहिल्यांदा जोडणाऱ्याने या बटणासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

एसएसडीबद्दल थोडक्यात. ‘एम.२’ हे आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटाही येते आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमईही. अनेक नव्या बोर्डांच्या एम.२ स्लॉटवर साटा चालतच नाही. खोक्यावर एनव्हीएमई लिहिलेलं बघ, आणि ५०० जीबीऐवजी १ टीबी घे. मोठे गेम शंभर-शंभर जीबीचे असतात, ५०० जीबी तीन-चारांतच संपेल.

खरेदी सीताबर्डीच्या बाजारातून कर किंवा ऑनलाइन, पण प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर घे. वॉरंटीत वस्तू नागपुरातच जमा होते की मुंबईला पाठवावी लागते, हे घेण्याआधी विचार. कार्डासाठी महिनाभर थांबावं लागलं तर ५६००वाल्याला त्याचा त्रास जास्त होतो.

मे महिन्यात घरी जोडू का?

हो, जोड. स्वतः जोडलेला कॉम्प्युटर पुढे स्वतः दुरुस्त करता येतो, आणि इंजिनीअरिंगच्या मुलाने हे शिकावंच असं मला मनापासून वाटतं. फक्त सगळे भाग एकाच आठवड्यात मागव. प्रोसेसर एप्रिलमध्ये आणि बोर्ड जूनमध्ये आला तर परत करायची मुदत निघून जाते आणि खराब भाग कोणता हे तपासायला काहीच नसतं.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेव. प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड लाव, एसएमपीएस जोड आणि पडद्यावर बायोस येतो का बघ. एएम५ असेल तर सॉकेटच्या पिनांना बोट लावू नकोस, वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. प्रोसेसरला वीज देणारा चार अधिक चारचा जोड आणि कार्डाचा सहा अधिक दोनचा जोड दोन्ही आठ पिनांचे दिसतात, पण वेगळे आहेत. केबलवर सीपीयू, पीसीआयई लिहिलेलं असतं ते वाचूनच लाव. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच असाव्यात. एक जरी जास्तीची राहिली तर ती मागून शॉर्ट करते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव.

जोडून झाला की पहिली मोठी परीक्षा रात्री बारा वाजता घेऊ नकोस. दुपारी तीनला, खोली सर्वांत तापलेली असताना, तासभर तुझा सर्वांत जड गेम चालव आणि प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान लिहून ठेव. प्रोसेसर ९०च्या वर जात असेल तर बाजूची पट्टी काढून पुन्हा बघ. पट्टी काढल्यावर सात-आठ अंश उतरले तर हवा आत येत नाहीये, समोरचा पंखा उलटा लागलाय का तपास. काहीच फरक पडला नाही तर कूलर नीट दाबून बसलेला नाही किंवा त्याच्या खालचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलंय. यादी बदललीस की बोर्डाचं आणि एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल नाव लिहून पाठव, एसएमपीएसच्या स्टिकरच्या फोटोसकट. पैसे भरण्याआधी मी एकदा बघून देईन.